घरून कामाचा टीमवर होणारा परिणाम कसा तपासावा: तयारी, टप्प्यांचा क्रम आणि नेहमीच्या चुका

घरून काम करू द्यावे की नाही, हा प्रश्न बहुतेक ठिकाणी उलट्या क्रमाने सोडवला जातो. आधी आठवड्यातले दिवस ठरतात, मग घोषणा होते आणि तीन-चार महिन्यांनी कोणीतरी विचारते की याचा परिणाम नेमका काय झाला. तोपर्यंत तुलना करण्याजोगी आधीची कोणतीही नोंद हाताशी नसते. मग घाईने एक सर्व्हे काढला जातो, त्यात ज्याला जे हवे ते उत्तर सापडते आणि वाद जिथे होता तिथेच राहतो.

पुढील पद्धत टीमप्रमुखांसाठी आणि मनुष्यबळ विभागात काम करणाऱ्यांसाठी आहे. पाच-सहा जणांच्या टीमपासून पन्नासेक जणांच्या विभागापर्यंत ती चालते. त्याहून मोठ्या ठिकाणी विभागवार वापरावी. टप्प्यांचा क्रम बदलू नये, कारण पुढील टप्प्यांतील निष्कर्ष आधीच्या टप्प्यांतील नोंदींवरच उभे राहतात.

## टप्पा १: कामांची वर्गवारी

दोन अभ्यास शेजारी ठेवले की घरून काम सरसकट चांगले किंवा वाईट ठरवता येत नाही, हे लगेच दिसते. चीनमधील सीट्रिप या प्रवाससेवा कंपनीने २०१० च्या अखेरीस आपल्या कॉल सेंटरमधील स्वेच्छेने पुढे आलेल्या कर्मचाऱ्यांवर नऊ महिन्यांचा प्रयोग सुरू केला आणि त्यात घरून काम करणाऱ्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली. महासाथीच्या काळात एका मोठ्या आयटी सेवा कंपनीतील दहा हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा मात्र कामाचे तास वाढलेले, हातावेगळे झालेले काम न वाढलेले आणि त्यामुळे तासागणिक उत्पादकता घटलेली आढळली. दोन्ही निष्कर्ष आपापल्या जागी बरोबर आहेत. कॉल घेणाऱ्याचे काम एकट्याचे असते, ते सहज मोजता येते आणि शेजारच्या माणसावाचून अडत नाही. सॉफ्टवेअरच्या कामात ग्राहक, सहकारी आणि वरिष्ठ यांच्याशी सतत मेळ घालावा लागतो. शिवाय पहिल्या ठिकाणी लोकांनी घरून काम स्वतः निवडले होते, तर दुसऱ्या ठिकाणी ते एकाएकी सर्वांवर येऊन पडले होते. यांपैकी कोणताही एक आकडा उचलून आपल्या टीमला लावणे म्हणजे तपासणी टाळणे होय.

म्हणून सर्वप्रथम टीममधील नेहमीच्या कामांची यादी करून प्रत्येकापुढे तीनपैकी एक खूण करावी: एकट्याने पूर्ण होणारे काम, एकाकडून दुसऱ्याकडे क्रमाने जाणारे काम, आणि अनेकांनी एकाच वेळी मिळून करायचे काम. वर्गवारी कामांची करावी, माणसांची करू नये, कारण एकाच व्यक्तीच्या आठवड्यात तिन्ही प्रकार असतात आणि “अमुक पद घरून चालते” असे ठरवून टाकले की त्या पदातील मिळून करायची कामे नजरेआड होतात.

याच टप्प्यात सध्याची व्यवस्था नेमकी कोणती आहे तेही लिहून काढावे. सर्वजण कायम बाहेरून काम करतात का, सर्वजण काही दिवस कार्यालयात येतात का, की काहीजण कायम कार्यालयात आणि काहीजण कायम घरी असतात? या तिसऱ्या प्रकाराला अनेकदा हायब्रिड म्हटले जाते आणि तिथेच गोंधळ सुरू होतो, कारण त्यात एका गटाला निर्णय घडताना दिसतात आणि दुसऱ्याला ते घडून गेल्यावर कळतात.

तपासणी: यादी टीममधील किमान दोघांनी स्वतंत्रपणे करून पाहावी. दोन याद्यांत मोठा फरक पडला, तर कोणाचे काम कोणावर अवलंबून आहे हेच टीमला नीट माहीत नाही असे समजावे आणि आधी तेवढे मिटवावे.

## टप्पा २: बदलाआधीची नोंद

सर्वांत जास्त वगळला जाणारा टप्पा हाच आहे. व्यवस्थेत कोणताही बदल करण्यापूर्वी आठ ते बारा आठवड्यांची नोंद जमा करावी. नोंदी थोड्या असाव्यात, पण प्रत्येक आठवड्याला न चुकता ठेवल्या जाव्यात. बहुतेक टीमना पुढील पाच पुरतात:

- पूर्ण झालेले काम, टीमच्या नेहमीच्या एककात;
- प्रतीक्षेचा वेळ, म्हणजे एखादे काम दुसऱ्याकडे सोपवल्यापासून त्याने ते प्रत्यक्ष हाती घेईपर्यंतचा काळ;
- दुरुस्तीसाठी परत आलेल्या कामांची संख्या;
- दिवसातील पहिल्या आणि शेवटच्या कामाच्या संदेशातील अंतर;
- ठरलेल्या वेळेबाहेर पाठवलेले आणि उत्तर मिळालेले संदेश.

यांपैकी प्रतीक्षेचा वेळ सर्वांत बोलका असतो. घरून काम सुरू झाल्यावर माणसे सहसा कमी काम करू लागत नाहीत. काम दोन माणसांच्या मध्ये पडून राहू लागते, आणि ते पडून राहणे कोणाच्याच वैयक्तिक कामगिरीत दिसत नाही.

बदल आधीच होऊन गेला असेल, तर मागची नोंद लोकांच्या आठवणीतून उभी करू नये. वर्षभरापूर्वी किती वेळ लागत असे, याचे उत्तर माणूस आजच्या मतानुसार देतो. त्याऐवजी तक्रारनोंदणीची प्रणाली, कॅलेंडर, फाइलींच्या जुन्या आवृत्त्या आणि ईमेल यांवरील तारखा पाहाव्यात. त्या अपुऱ्या असल्या तरी त्यांना मत नसते.

इशारा: कळफलकावरील टकटक मोजणारी किंवा पडद्याची छायाचित्रे घेणारी सॉफ्टवेअर या कामासाठी वापरू नयेत. ऑनलाइन असल्याचा हिरवा ठिपकाही मोजू नये. त्यातून हालचाल मोजली जाते, काम मोजले जात नाही, आणि मोजले जात आहे हे कळताच लोक हालचाल पुरवू लागतात. नोंदी टीमच्या पातळीवर ठेवाव्यात आणि त्या कशासाठी आहेत हे पहिल्याच दिवशी सर्वांना लेखी सांगावे.

तपासणी: प्रत्येक नोंदीपुढे ती ठेवणाऱ्याचे नाव असावे आणि सर्व नोंदींना मिळून आठवड्यात अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ लागू नये. जास्त लागत असेल, तर एखादी नोंद काढून टाकावी.

## टप्पा ३: काम आणि तास वेगळे वाचणे

पूर्ण झालेले काम वाढले, एवढ्यावरून उत्पादकता वाढली असे म्हणता येत नाही. सीट्रिपमधील त्या १३ टक्क्यांपैकी सुमारे ९ टक्के वाढ प्रत्येक पाळीत अधिक मिनिटे काम केल्यामुळे, म्हणजे सुट्ट्या आणि मधली विश्रांती घटल्यामुळे झाली होती; मिनिटागणिक कॉल वाढल्यामुळे झालेली वाढ सुमारे ४ टक्क्यांची होती. २०२० च्या टाळेबंदीत सोळा शहरांतील तीस लाखांहून अधिक लोकांच्या ईमेल आणि बैठकींच्या नोंदींचा अभ्यास झाला. त्यात कामाचा दिवस सरासरी ४८.५ मिनिटांनी लांबलेला दिसला. बैठकींची संख्या सुमारे १३ टक्क्यांनी वाढली होती आणि प्रत्येक बैठकीची लांबी सुमारे २० टक्क्यांनी घटली होती. अशा आठवड्यात “काम पूर्वीइतकेच होते आहे” हे वाक्य खरे असते आणि दिशाभूल करणारेही असते.

तासांचा आकडा वाचताना दोन गोष्टी सांभाळाव्यात. पहिली म्हणजे दिवसाची लांबी आणि कामाचे तास एक नव्हेत. दुपारी दोन तास मुलांसाठी काढून रात्री बसणाऱ्या व्यक्तीचा दिवस लांब दिसतो, पण तास तेवढेच असतात. दुसरी म्हणजे वाचलेला प्रवास. २७ देशांतील सर्वेक्षणांवर आधारित एका अभ्यासानुसार घरून काम केल्याने दिवसाला सरासरी ७२ मिनिटांचा प्रवास वाचतो आणि त्यातील सुमारे ४० टक्के वेळ लोक पुन्हा कामालाच देतात. तेव्हा अर्धा तास वाढलेला दिसला म्हणून लगेच पिळवणूक झाली असे ठरत नाही. मात्र तो अर्धा तास आपल्याला फुकट मिळाला आहे असे गृहीत धरून पुढचे नियोजन करणाऱ्या व्यवस्थापकाने थांबावे. तो वेळ कर्मचाऱ्याचा आहे आणि तो परत मागितला जाऊ शकतो.

तपासणी: काम स्थिर, पण वेळेबाहेरचे संदेश सलग चार आठवडे वाढत असतील, तर तपासणी थांबवून आधी त्याचे कारण शोधावे.

## टप्पा ४: व्यक्तींशी बोलणे

सर्व्हेच्या आधी बोलावे. बोलल्याशिवाय सर्व्हेत काय विचारायचे हेच कळत नाही, आणि बोलून झाल्यावर पुष्कळदा सर्व्हेची गरजही उरत नाही. सहा जणांच्या टीममधील निनावी सर्व्हे तसाही निनावी नसतो. कोणाचे उत्तर कोणते, हे सर्वांना वाक्यरचनेवरून ओळखता येते.

हे संभाषण ज्याच्या हाती वार्षिक मूल्यमापन आहे त्याने शक्यतो करू नये. प्रत्येकाला तीस ते चाळीस मिनिटे द्यावीत आणि नव्याने रुजू झालेल्यांपासून सुरुवात करावी, कारण जुन्यांशी बोलून झाल्यावर विचारणाऱ्याच्या मनात चित्र तयार होते आणि नव्यांचे म्हणणे त्या चित्रात बसवले जाते. प्रश्न मतांचे नसावेत, मागच्या आठवड्यातील घटनांचे असावेत. “तुम्हाला घरून काम आवडते का?” याचे उत्तर आधीच माहीत असते. “मागच्या आठवड्यात कुठे अडलात, कोणाला विचारलेत आणि उत्तर कधी मिळाले?”, “कोणता निर्णय तुम्हाला उशिरा कळला?”, “कोणत्या दिवशी कामाशिवाय कोणाशीही बोलणे झाले नाही?” हे प्रश्न उपयोगी पडतात. घरात काम करण्यास जागा आहे का, दार बंद करता येते का, हेही विचारावे. हे खासगी वाटते, पण घरून कामाचा अनुभव किती वेगवेगळा असू शकतो त्याचे बरेचसे कारण तिथेच असते.

लोकांची आजची निवड कायमची समजू नये. सीट्रिपमध्ये प्रयोग संपल्यावर कर्मचाऱ्यांना पुन्हा निवडण्याची संधी दिली गेली, तेव्हा निम्म्याहून अधिक लोकांनी आपली आधीची निवड बदलली. घरी जाऊ इच्छिणाऱ्यांपैकी अनेकांना एकटेपणा किती जाणवेल याचा अंदाज आधी नव्हता. म्हणून कोणत्याही व्यवस्थेत परत येण्याची वाट ठेवावी आणि त्या वाटेवर कारणे देण्याची सक्ती असू नये.

## टप्पा ५: टीमबाहेरचे संबंध

टीमच्या आतले संबंध घरून कामातही बऱ्यापैकी टिकतात, कारण रोजचे काम लोकांना एकमेकांकडे नेतेच. तुटतात ते टीमबाहेरचे. मायक्रोसॉफ्टच्या अमेरिकेतील ६१ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांच्या २०२० च्या पहिल्या सहा महिन्यांतील नोंदींवरून असे दिसले की, सर्वजण घरून काम करू लागल्यावर गट अधिक बंदिस्त झाले, गटागटांना जोडणारे दुवे कमी झाले आणि नवे संबंध जुळणे मंदावले. हा परिणाम फसवा असतो. पहिले काही महिने जुन्या ओळखींवर काम चालून जाते, त्यामुळे सर्व ठीक वाटते. माणसे बदलू लागतात तेव्हा लक्षात येते की पलीकडच्या विभागात आता कोणालाच कोणी ओळखत नाही.

तपासण्याची रीत सोपी आहे. दर तीन महिन्यांनी प्रत्येकाने गेल्या चार आठवड्यांत टीमबाहेरच्या ज्या व्यक्तींशी कामाविषयी थेट बोलणे झाले, त्यांची नावे लिहावीत. मोठ्या बैठकीत केवळ एकत्र हजर असणे यात धरू नये. तीन गोष्टी पाहाव्यात: एकूण नावे किती, मागच्या वेळी नसलेली नवी नावे किती, आणि सर्व नावे एकाच व्यक्तीच्या यादीत गोळा झाली आहेत का. शेवटची स्थिती सर्वांत धोक्याची आहे, कारण ती एक व्यक्ती रजेवर गेली की टीमचा बाहेरच्यांशी असलेला संपर्कच बंद होतो.

इशारा: या याद्यांवरून कोणाचेही मूल्यमापन करू नये. एकदा तसे झाले की पुढच्या वेळी प्रत्येकाच्या यादीत वीस नावे येतील.

## टप्पा ६: नव्यांचे शिकणे आणि दूरच्यांची बढती

परिणाम सर्वांवर सारखा होत नाही, आणि सरासरी काढली की नेमके हेच झाकले जाते. एका मोठ्या कंपनीतील सॉफ्टवेअर अभियंत्यांच्या अभ्यासात, एकाच इमारतीत बसणाऱ्या सहकाऱ्यांकडून नवख्यांना त्यांच्या कामावर अधिक अभिप्राय मिळत असल्याचे दिसले. त्याच वेळी शिकवणाऱ्या अनुभवी अभियंत्यांचे स्वतःचे काम मात्र कमी होत होते. सर्वजण घरी गेले की ज्येष्ठांचे आकडे सुधारतात आणि नव्यांचे शिकणे मंदावते. पहिल्या वर्षाच्या ताळेबंदात हा फायदा वाटतो. त्याचा खर्च दोन-तीन वर्षांनी, अनुभवी माणसांची उणीव भासू लागल्यावर समोर येतो.

म्हणून नव्या लोकांसाठी वेगळी नोंद ठेवावी: रुजू झाल्यापासून पहिले काम कोणाच्याही मदतीशिवाय पूर्ण करण्यास किती आठवडे लागले, आणि आठवड्यात त्यांच्या कामावर किती वेळा लेखी अभिप्राय मिळाला. पहिल्या तीन महिन्यांसाठी प्रत्येक नव्या व्यक्तीला एक ठरलेला ज्येष्ठ सहकारी द्यावा आणि त्या दोघांची रोजची किमान अर्ध्या तासाची वेळ राखून ठेवावी, ज्यात पडदा सामायिक करून प्रत्यक्ष काम केले जाईल. “अडले तर विचार” एवढे सांगणे पुरेसे नाही. कार्यालयात नवखा माणूस समोरच्याचा चेहरा पाहून विचारण्याची वेळ साधतो. घरून त्याला प्रत्येक शंका लिहून पाठवावी लागते, आणि क्षुल्लक वाटणारी शंका लिहायला तो कचरतो. त्या ज्येष्ठाच्या कामाचे उद्दिष्ट तेवढ्या काळापुरते कमी करावे. हे केले नाही, तर राखून ठेवलेली वेळ दुसऱ्या आठवड्यापासून रद्द होऊ लागते.

बढतीची तपासणी वेगळी करावी. सीट्रिपच्या प्रयोगात घरून काम करणाऱ्यांची कामगिरी चांगली होती, तरीही तेवढ्याच कामगिरीवर त्यांना बढती मिळण्याचे प्रमाण कमी होते. वर्षातून दोनदा बढत्या, वेतनवाढी आणि महत्त्वाची कामे यांची यादी काढून प्रत्येक नावापुढे ती व्यक्ती प्रामुख्याने कुठून काम करते हे लिहावे. यादीत महत्त्वाच्या कामांचा रकाना विसरू नये, कारण भेदभाव बढतीच्या आधी तिथे सुरू होतो.

## टप्पा ७: लेखी करार

इथपर्यंत आल्यावरच नियम लिहावेत. नियम एका पानात मावावेत आणि टीमने एकत्र बसून ठरवावेत. त्यात पुढील बाबी असाव्यात: प्रत्येक माध्यमावर उत्तराची अपेक्षित मुदत, सर्वांनी उपलब्ध असण्याचे सामाईक तास, निर्णय कुठे नोंदवला जाईल, आणि तातडीच्या वेळी काय करायचे. उत्तराची मुदत लिहिलेली नसली की प्रत्येक संदेश तातडीचा ठरतो.

कार्यालयात येण्याचे दिवस टप्पा १ मधील यादीवरून ठरवावेत. ज्यांची कामे मिळून करायची आहेत, त्यांनी एकाच दिवशी यावे. ज्याला जो दिवस सोयीचा त्याने तो निवडावा, ही सवलत उदार वाटते, पण तिच्यामुळे माणूस प्रवास करून कार्यालयात येतो आणि तिथे बसून घरी असलेल्या सहकाऱ्यांशी व्हिडिओवर बोलतो. एकत्र येण्याच्या दिवशी एकट्याने करायची कामे ठेवू नयेत. कार्यालयातील बैठकीत एकजण जरी दुरून सहभागी असला, तरी चर्चेचे टिपण सर्वांना दिसेल अशा सामाईक फाइलमध्ये बैठक चालू असतानाच लिहावे.

साधने कोणती वापरावीत यावर फार वेळ घालवू नये. आहेत ती बहुधा पुरेशी असतात.

## टप्पा ८: चाचणी आणि तिचे वाचन

करार बारा आठवड्यांसाठी लागू करावा. चाचणी सुरू होण्याआधी टीमप्रमुखाने आणि प्रत्येक सदस्याने परिणामाविषयीचा आपला अंदाज लिहून बंद करून ठेवावा. याला कारण आहे. त्याच चिनी कंपनीने, म्हणजे आता ट्रिप डॉट कॉम या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कंपनीने, २०२१-२२ मध्ये १,६१२ कर्मचाऱ्यांवर आठवड्यातून दोन दिवस घरून कामाची चाचणी घेतली. नोकरी सोडण्याचे प्रमाण एक तृतीयांशाने घटले आणि पुढील दोन वर्षांच्या मूल्यमापनात फरक दिसला नाही. चाचणीआधी व्यवस्थापकांचा अंदाज होता की उत्पादकता सरासरी २.६ टक्क्यांनी घटेल. चाचणीनंतर त्यांचेच मत १ टक्का वाढीकडे झुकले. अंदाज आधी लिहिलेला नसता, तर प्रत्येकाने आपल्याला हे आधीपासूनच माहीत होते असे म्हटले असते.

विभाग मोठा असेल आणि दोन गटांची तुलना करायची असेल, तर गट प्रमुखाने निवडू नयेत. या कंपनीने जन्मतारीख सम की विषम यावरून गट पाडले होते. कोणालाही वशिल्याचा संशय येऊ नये, यासाठी ही रीत उत्तम आहे. दहा-बारा जणांच्या टीममध्ये मात्र गट पाडून काही सिद्ध होत नाही. तिथे त्याच टीमची आधीची आणि नंतरची नोंद पाहावी.

पहिल्या तीन-चार आठवड्यांवरून मत बनवू नये. त्या काळात उत्साह किंवा विरोध मोजला जातो. चाचणीच्या मध्यात दुसरा मोठा बदल, उदाहरणार्थ नवी प्रणाली किंवा पुनर्रचना, शक्यतो आणू नये. कोणत्या स्थितीत चाचणी मध्येच थांबवली जाईल हेही आधी लिहावे.

बारा आठवड्यांनंतर आकडे एकेकटे वाचू नयेत. काम वाढले आणि प्रतीक्षाही वाढली, तर प्रत्येकजण स्वतःचे काम भराभर उरकतो आहे आणि एकमेकांची कामे मागे पडत आहेत. सामाईक तास वाढवून पाहावेत. काम स्थिर आणि दुरुस्त्या वाढल्या, तर सूचना अपुऱ्या पोहोचत आहेत. दिवस बदलण्याआधी काम सोपवण्याची रीत सुधारावी. काम, प्रतीक्षा, तास सर्व ठीक आणि केवळ नव्यांची नोंद खराब असेल, तर सर्वांना कार्यालयात बोलावण्याऐवजी नव्यांना आणि त्यांच्या ज्येष्ठांना एकाच ठिकाणी आणावे. सर्व आकडे चांगले, पण दोन चांगली माणसे सोडून गेली, तर त्यांच्याशी टप्पा ४ मधील प्रश्न घेऊन बोलावे. राजीनाम्याच्या औपचारिक मुलाखतीत खरे कारण क्वचितच सांगितले जाते.

टीममधील एक तृतीयांश माणसे बदलली, प्रमुख बदलला किंवा कामाचे स्वरूप पालटले, की टप्पा १ मधील यादी पुन्हा करावी. यांपैकी काहीही घडले नसेल, तर वर्षातून एकदा पाहणे पुरेसे आहे, आणि मधल्या काळात दिवसांच्या संख्येला हात लावू नये.